तापलेल्या कॉस्टिकचा हिशेब

इंजिनाचे काजळीने माखलेले हेड कॉस्टिक सोड्याच्या तापलेल्या टाकीत सोडले, की पुढे काय होणार हे त्या हेडच्या धातूवर ठरते. हेड बिडाचे असेल तर तेलाचा थर हळूहळू सैल होतो, काजळीचे पापुद्रे सुटतात आणि धातू जसाच्या तसा राहतो. हेड ॲल्युमिनियमचे असेल तर आधी बारीक बुडबुडे धरतात, मग ते दाट होतात, पाणी काळपट होऊन फेसाळू लागते. खालचा गॅस बंद केला तरी टाकीचे तापमान चढतच राहते. फेस काठावरून उतू जातो तेव्हा त्यात कॉस्टिक असते, उकळत्या पाण्याजवळ पोहोचलेली उष्णता असते, आणि टाकीवर जमणाऱ्या हवेत एका ठिणगीने पेट घेईल इतका हायड्रोजन असू शकतो. टाकीपाशी उभ्या असलेल्या पोराच्या पायात बहुतेक वेळा चपला असतात.

अशा घटनेनंतर ‘पोराने लक्ष दिले नाही’ हे वाक्य हमखास ऐकू येते. मला ते पटत नाही. टाकीत कोणता धातू जाणार, तिच्याखाली किती आच आहे, सोडा कोणत्या क्रमाने पडणार आणि जवळ पाणी आहे की नाही, हे सगळे त्या पोराच्या हातात हेड येण्याआधीच ठरलेले असते. त्याचे लक्ष असणे-नसणे फार नंतर येते. आधीचा हिशेब रसायनशास्त्राचा आहे. तो साधा आहे, आकड्यांत मांडता येतो, आणि गॅरेजमधल्या सगळ्यात नव्या पोरालाही तो समजू शकतो.

हा हिशेब कोणत्या गॅरेजांचा, ते आधी पाहू. पुण्यातले खराडी म्हटले की आज ईऑन आयटी पार्क आणि वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या काचेच्या इमारती डोळ्यांसमोर येतात. पण खराडी नगर रस्त्यावर आहे. वाघोली, कोरेगाव भीमा, सणसवाडी, रांजणगाव असा कारखान्यांचा पट्टा याच रस्त्याने पुण्याशी जोडलेला आहे. नदीच्या पलीकडे, मुंढव्यात, भारत फोर्जमध्ये क्रँकशाफ्ट घडतात. पुणे तसे इंजिनांचेच शहर: खडकीत १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आली, कोथरूडमध्ये १९६२ मध्ये कमिन्स, पिंपरीत टेल्को. नव्या इंजिनाचे भाग कारखान्यात बंद यंत्रात धुतले जातात, माणसाचा हात त्या पाण्याला लागत नाही. तेच इंजिन लाखभर किलोमीटर धावून थकते, तेव्हा ते चंदननगर-खराडीसारख्या भागांतल्या एखाद्या गल्लीत येते. एक शटर, एक कॉम्प्रेसर, छताच्या गर्डरला लटकवलेली चेन पुली आणि दोन-चार माणसे. इंजिनकाम निघाले की बरेच मिस्त्री ब्लॉक आणि हेड बोअरिंगवाल्याकडे पाठवतात. काही जण मात्र अर्ध्यात कापलेल्या पिंपात पाणी भरतात, खाली शेगडी लावतात आणि पोत्यातले पांढरे कॉस्टिकचे फ्लेक्स त्यात टाकतात.

उष्णता लागतेच कशाला, असा प्रश्न पडू शकतो. प्राण्यांची चरबी किंवा खाद्यतेल असते तर कॉस्टिकने त्याचा साबण झाला असता. इंजिन ऑइल मात्र खनिज तेल आहे, त्याचा कॉस्टिकशी साबण होत नाही. ते निघते ते पातळ झाल्यामुळे आणि टाकीत घातलेल्या डिटर्जंटने त्याचे बारीक थेंब करून पाण्यात धरून ठेवल्यामुळे. म्हणून सत्तर-नव्वद अंश लागतात. रासायनिक क्रियेचा वेग साधारणपणे दर दहा अंशांना दुप्पट होतो असा एक ढोबळ नियम आहे. खोलीच्या तापमानाला, तीस अंशांना, जी क्रिया रेंगाळत चालते तीच नव्वद अंशांना त्या हिशेबाने चौसष्ट पट वेगाने होते. मळ लवकर सुटतो तो याच नियमाने, आणि कातडी लवकर जळते तीही याच नियमाने.

आता ॲल्युमिनियमकडे वळू. सगळ्यात जास्त घात इथे होतो आणि त्यामागे मोटारींचा इतिहासही आहे. अँबॅसडरच्या जुन्या १४८९ सीसी इंजिनात ब्लॉक आणि हेड दोन्ही बिडाचे होते. लोखंडाला कॉस्टिक फारसे काही करत नाही. त्या इंजिनांवर हात बसलेल्या उस्तादांनी ‘कॉस्टिकमध्ये उकळून काढ’ हा धडा पुढच्या पिढीला दिला आणि तो त्या काळापुरता बरोबर होता. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली, तिचे हेड ॲल्युमिनियमचे. २००८ नंतर मारुतीच्या के-सिरीज इंजिनांत ब्लॉकही ॲल्युमिनियमचा झाला. पिस्टन तर ॲल्युमिनियमचेच. स्कूटर-मोटरसायकलचे कार्ब्युरेटर जस्त किंवा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे, आणि जस्तालाही गरम कॉस्टिक खाते. धातू बदलत गेला, टाकी तीच राहिली. ही चूक कोणा एकाची नव्हे. गाडी बनवणाऱ्याच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये कोणता भाग कशाने धुवायचा हे लिहिलेले असते, पण ते मॅन्युअल अधिकृत वर्कशॉपच्या भिंतीबाहेर फारसे येत नाही.

ॲल्युमिनियम एरवी गंजत नाही, कारण त्याच्या अंगावर ऑक्साइडचा अतिशय पातळ, घट्ट पापुद्रा असतो. कॉस्टिक पहिल्यांदा हा पापुद्रा विरघळवते. मग उघड्या पडलेल्या धातूची पाणी आणि कॉस्टिकशी क्रिया होते, सोडियम ॲल्युमिनेट तयार होते आणि हायड्रोजन सुटतो. एक किलो ॲल्युमिनियम पूर्ण विरघळले तर बाराशे लिटरहून जास्त हायड्रोजन निघतो. शटर अर्धे ओढलेल्या छोट्या दुकानात तो छताशी जमतो. हवेत अवघा चार टक्के हायड्रोजन झाला की ते मिश्रण पेटू शकते, आणि पंच्याहत्तर टक्क्यांपर्यंत पेटण्याजोगेच राहते. इतका रुंद पट्टा पेट्रोलच्या वाफेलाही नसतो. त्याला लागणारी ठिणगीही नगण्य, दिव्याच्या बटणातली पुरते. टाकीखाली तर उघडी शेगडीच असते.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे ही क्रिया स्वतःच उष्णता देते. उष्णतेने वेग वाढतो, वेगाने उष्णता वाढते. ज्याने गॅस बंद केला त्याला वाटते आता थांबेल. ते थांबत नाही. अशा वेळी टाकीत हात घालून किंवा सळईने हेड ओढून काढायचा मोह होतो आणि भाजण्याचे प्रकार याच झटापटीत होतात. शेगडी विझवायची, दारे-शटर उघडायची, विजेच्या बटणांना हात न लावता सगळ्यांनी बाहेर पडायचे, एवढेच तेव्हा करण्यासारखे उरते. खरा उपाय आधीचा आहे: टाकीत जाणाऱ्या प्रत्येक भागाला चुंबक लावून पाहायचा. बिडाला तो चिकटतो. ॲल्युमिनियम, जस्त, पितळ यांना चिकटत नाही. चुंबक चिकटला नाही, तर भाग टाकीत नाही. जुन्या स्पीकरमधून काढलेला चुंबकही या कामाला चालतो.

दुसरा हिशेब पाण्याचा आणि क्रमाचा. कॉस्टिक पाण्यात विरघळताना उष्णता बाहेर पडते. एका किलोमागे सुमारे अकराशे किलोज्यूल. एवढ्या उष्णतेने दहा लिटर पाणी पंचवीसेक अंशांनी तापते. म्हणजे तीस अंशांच्या पाण्यात एक किलो फ्लेक्स घातले तर ते शेगडीशिवायच पंचावन्नला पोहोचते, आणि पाणी पाच लिटरच असेल तर ऐंशीच्या आसपास. आता टाकी आधीच पंच्याऐंशी अंशांवर आहे आणि मळ नीट सुटत नाही म्हणून कोणी वरून ओंजळभर फ्लेक्स टाकले, असे समजा. फ्लेक्स जड असल्याने तळाशी जाऊन बसतात. तिथे अतिशय दाट आणि अतिशय तापलेला थर तयार होतो. वर सगळे शांत दिसते. मग कोणी सळईने ढवळतो. तळाचा थर वरच्या पाण्यात मिसळतो, पाण्याची क्षणात वाफ होते, आणि वाफ पाण्याच्या सोळाशे-सतराशे पट जागा मागते. टाकीतले द्रावण कारंज्यासारखे उसळते ते ढवळणाऱ्याच्या तोंडावर. उलट क्रम, म्हणजे भांड्यात आधी सोडा आणि त्यावर पाणी, हा तर आणखी वाईट. बरोबर रीत एकच आहे: टाकी थंड असताना, थंड पाण्यात, थोडा थोडा सोडा, ढवळत ढवळत, आणि मगच शेगडी. ज्याला सकाळी गाडी द्यायची आहे त्याला हा वेळ परवडत नाही असे वाटते, म्हणून मालकाने सोडा संध्याकाळी विरघळवून ठेवायची शिस्त लावलेली बरी.

भाग टाकीत सोडण्याची पद्धतही इथेच येते. हाताने सोडलेला भाग धपकन पडतो आणि द्रावण उडते. जाळीच्या बास्केटमध्ये ठेवून, साखळीने हळू सोडला तर उडत नाही. गॅरेजात चेन पुली असतेच, ती इंजिन उतरवायला वापरतात. टाकीसाठी तिचा उपयोग करायला पैसा लागत नाही.

टाकी म्हणून वापरलेले पिंप कुठून आले, हे कोणी विचारत नाही. भंगारवाल्याकडून घेतलेल्या दोनशे लिटरच्या पिंपात पूर्वी काय होते ते माहीत नसते. त्यात पेट्रोल किंवा थिनरसारखे काही असेल, तर उलटे करून ओतल्यावरही कडेच्या खाचेत थोडे राहते. पेट्रोलची वाफ हवेत दीड टक्क्याच्या आत-बाहेर असली तरी मिश्रण स्फोटक होते. हिशेब केला तर दोनशे लिटरच्या पिंपाला त्यासाठी तीन-चार चहाचे चमचे पेट्रोल पुरते. आणि हे पिंप आडवे करून कोणी गॅस कटरने किंवा ग्राइंडरने कापायला घेतो. साफसफाईची टाकी बनवतानाच माणूस दगावतो, असे अपघात जगभर नोंदले गेले आहेत. पिंप बंद नाही, त्याचे बूच उघडे आहे, म्हणून ते सुरक्षित आहे ही समजूत खोटी आहे. कापायचेच असेल तर ते आधी साबणाच्या गरम पाण्याने किंवा वाफेने नीट धुवावे लागते, आणि आत काय होते ते कळत नसेल तर ते कापूच नये.

कॉस्टिक नको म्हणून बरेच जण पेट्रोल, रॉकेल किंवा डिझेलने भाग धुतात. पसरट ट्रेमध्ये थोडे पेट्रोल, हातात ब्रश. हेच खरे तर गॅरेजातले रोजचे दृश्य आहे. प्रत्येक इंधनाचा एक ज्वलनबिंदू असतो. त्या तापमानाला त्याची पुरेशी वाफ होऊन ठिणगीने पेट घेते. पेट्रोलचा ज्वलनबिंदू उणे चाळीसच्या आसपास, म्हणजे पुण्यात बाराही महिने ते पेटायला तयार असते. त्याची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड, त्यामुळे ती जमिनीलगत वाहत गाडीखालच्या खड्ड्यात उतरते आणि तिथे हातदिवा लावून काम करणाऱ्या माणसापर्यंत पोहोचते. रॉकेल आणि डिझेल सुरक्षित मानले जातात, कारण भारतीय मानकांनुसार त्यांचा ज्वलनबिंदू किमान पस्तीस अंश असावा लागतो. एप्रिल-मे महिन्यांत पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो, पत्र्याच्या छपराखाली तो त्याहून वर जातो. म्हणजे उन्हाळ्यात, शेगडीला हात न लावताही, ट्रेमधले रॉकेल पेट्रोलासारखे वागू शकते. ते तापवून वापरणे ही तर आग लावण्याचीच तयारी.

आगीच्या भीतीमुळे न पेटणारी द्रावणे आली. ट्रायक्लोरोइथिलीन हे त्यातले सगळ्यात गाजलेले. सत्त्याऐंशी अंशांना ते उकळते. त्याच्या वाफेत तेलकट भाग लटकवला की वाफ भागावर पाण्यासारखी होऊन तेल धुऊन नेते. दिसायला फार सुटसुटीत रीत. पण ट्रायक्लोरोइथिलीनने ओला भाग कॉस्टिकच्या टाकीत गेला तर डायक्लोरोॲसिटिलीन तयार होते. ते विषारी असते आणि हवेत आपोआप पेट घेऊ शकते. दोन साफ करणारी रसायने एकापाठोपाठ एक वापरली, एवढेच कारण. शिवाय २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ट्रायक्लोरोइथिलीनचा समावेश माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केला आणि डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने त्याच्या सर्व वापरांवर बंदीचा नियम जाहीर केला.

पण एक विष काढून दुसरे कोणते येते, हेही बघावे लागते. कॅलिफोर्नियात क्लोरीनयुक्त द्रावणांवर निर्बंध वाढले तेव्हा ब्रेक क्लीनरच्या डब्यांत हेक्झेन आले. १९९९-२००० या काळात तिथल्या मोटार मेकॅनिकांच्या हातापायांना मुंग्या येऊ लागल्या, बधिरपणा आला. पहिल्यांदा लक्षात आलेला रुग्ण चोविशीतला तरुण होता. हेक्झेन शरीरात जाऊन नसा खराब करते, हे चप्पल-बुटांच्या कारखान्यांतून आधीच माहीत होते. मोटार गॅरेजात ते कोणाच्या मनात आले नाही. आपल्याकडे तर द्रावण बिननावाच्या कॅनमधून सुटे विकत घेतले जाते. भारतात १९८९ च्या घातक रसायनांविषयीच्या नियमांनुसार अशा रसायनांसोबत सुरक्षा माहितीपत्रक असायला हवे. कॅनमधून बाटलीत, बाटलीतून डब्यात ओतताना ते पत्रक पहिल्याच टप्प्याला मागे राहते. आणि ती बाटली पिण्याच्या पाण्याची असते. कॉस्टिकचे द्रावण पाण्यासारखेच दिसते. तहानलेल्या माणसाने ती उचलून तोंडाला लावली तर अन्ननलिका जळते, आणि ती पुढे आयुष्यभर आकसलेली राहू शकते. रसायन पाण्याच्या बाटलीत कधीही ठेवू नये, या एका नियमाला मी अपवाद मानत नाही.

डोळ्याच्या अपघाताविषयी सविस्तर लिहायला हवे, कारण तो होतो कसा हे पटकन लक्षात येत नाही. ब्लॉक किंवा हेड टाकीतून काढले, पाण्याने धुतले, स्वच्छ दिसते. मग त्यातल्या तेलाच्या वाहिन्या मोकळ्या करायला कॉम्प्रेसरची हवा मारतात. या अरुंद, वळणावळणाच्या वाहिन्यांत कॉस्टिक अडकून राहिलेले असते. कॉम्प्रेसरच्या दाबाने ते दुसऱ्या टोकाने पिचकारीसारखे बाहेर येते, आणि वाहिनी साफ झाली का हे बघायला माणूस त्याच टोकाकडे वाकलेला असतो. टाकीपासून लांब, काम संपत आल्यावर, सावधगिरी सुटल्यावर हा घात होतो. म्हणून आधी भरपूर पाणी प्रत्येक वाहिनीतून वाहू द्यायचे, मग कमी दाबाची हवा, तीही भोक चिंध्यांनी झाकून, आणि डोळ्यांवर चारी बाजूंनी बंद असलेला गॉगल. साधा चष्मा यात काही कामाचा नाही.

ॲसिडपेक्षा अल्कली डोळ्याला जास्त घातक का, याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. ॲसिडने प्रथिने गोठतात आणि त्या गोठलेल्या थराने पुढचे ॲसिड काहीसे अडते. अल्कली चरबी आणि प्रथिने दोन्ही विरघळवत आत शिरत राहते, काही मिनिटांत बुबुळामागच्या पाण्यापर्यंत पोहोचते. कातडीवर सौम्य कॉस्टिक पडले तर सुरुवातीला दुखतही नाही, नुसते बुळबुळीत लागते. ती बुळबुळ आपल्याच कातडीतल्या चरबीचा साबण होत असल्याची असते. तंबाखूच्या चुन्याची डबी दाबताना मुलांच्या डोळ्यांत चुना उडून दृष्टी गेल्याची उदाहरणे भारतात नेत्रतज्ज्ञांनी वारंवार नोंदवली आहेत, चुनाही अल्कलीच. या जखमेत बुबुळाच्या कडेच्या मूळपेशी मरतात आणि पारदर्शक पडदा पांढरा पडतो. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेत डॉ. विरेंदर सांगवान आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये यावर एक सोपी शस्त्रक्रिया मांडली: चांगल्या डोळ्याच्या कडेची दोन मिलिमीटरची पट्टी घेऊन तिचे तुकडे जखमी डोळ्यावर बसवायचे. भारतीय डॉक्टरांचे हे मोठे काम आहे. पण त्यासाठी दुसरा डोळा शाबूत लागतो, आणि पिचकारी एकाच डोळ्यात उडते असे नाही.

त्यामुळे सगळे पहिल्या मिनिटावर येते. लिंबू, व्हिनेगर, दूध, टूथपेस्ट, हळद यांतले काहीही नको. ॲसिड घालून अल्कली मारायला गेले तर त्या क्रियेचीही उष्णता जखमेवरच निघते. सुका फ्लेक कातडीवर असेल तर आधी झटकायचा, भिजलेले कपडे काढायचे आणि पाणी. डोळ्यात गेले असेल तर पापण्या बोटांनी उघड्या धरून सलग पाणी, अर्धा तास, मग १०८ ला फोन केलेली रुग्णवाहिका आली तर तीतही. आधी दवाखान्यात पळवून मग धुणे, हा क्रम डोळा घालवतो.

पाणी म्हटल्यावर खराडीकर टँकर आठवतील. या भागाला नळाचे पाणी पुरेसे मिळावे म्हणून भामा-आसखेड धरणाची योजना जानेवारी २०२१ मध्ये सुरू झाली, तरी टँकरची सवय कित्येक ठिकाणी सुटलेली नाही. डोळे धुण्याच्या यंत्रासाठीच्या अमेरिकन मानकात मिनिटाला दीड लिटर पाणी, सलग पंधरा मिनिटे, असे मोजमाप आहे. म्हणजे साडेबावीस लिटर; अर्धा तास धरला तर पंचेचाळीस. तोटी बसवलेले पन्नास लिटरचे एक झाकणाचे पिंप, रोज बदललेल्या स्वच्छ पाण्याचे, एवढ्याने डोळ्याची सोय होते. त्याच मानकात पाणी सोळा ते अडतीस अंशांचे असावे असेही म्हटले आहे. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीचे पाणी हात भाजेल इतके तापलेले असते, म्हणून हे पिंप सावलीत, टाकीपासून दहा पावलांत आणि वाटेत काही न ठेवता असायला हवे. अंगभर उडाले तर एवढे पाणी अपुरे पडते. तिथे जाड होजचा नळच लागतो.

हातमोजे आणि कपडे यांचेही थोडे सांगतो. कातड्याचे हातमोजे कॉस्टिकला टिकत नाहीत, ते कातडे कॉस्टिक खाते. कापडी मोजे द्रावण शोषून हाताशी धरून ठेवतात, ते मोजे नसण्यापेक्षा वाईट. नायट्राइल किंवा निओप्रीनचे, कोपरापर्यंतचे मोजे लागतात. पँट गमबुटाच्या आत खोचली तर वरून सांडलेले बुटात साठते, म्हणून पँट बुटाच्या बाहेरून.

एवढे सगळे कायद्याने कोणी बघत नाही का? १९४८ च्या कारखाना कायद्यात डोळ्यांच्या संरक्षणापासून घातक वाफांपर्यंत कलमे होती, आणि भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर १९८७ मध्ये धोकादायक प्रक्रियांचे स्वतंत्र प्रकरण त्यात आले. पण कारखाना म्हणजे वीज वापरणारे दहा कामगार ही मूळ मर्यादा महाराष्ट्राने २०१५ च्या दुरुस्तीत वीसवर नेली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही कारखान्यासाठी वीसच आहेत. २०१७ चा महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा मुळात दहा कामगारांपासून पूर्ण लागू होत होता, २०२५ मध्ये तिथेही वीस झाले. चार माणसांचे गॅरेज या सगळ्या रेषांच्या खाली राहते. ७ जून २०२१ रोजी मुळशीतल्या उरवड्याच्या रसायन कारखान्यात आग लागून सतरा कामगार गेले तेव्हा चौकशी झाली, राज्यभर बातमी झाली. गॅरेजात भाजलेला पोरगा ससून रुग्णालयाच्या जळीत विभागात दाखल होतो आणि त्याची नोंद ‘भाजणे’ एवढीच राहते. नव्या संहितेत जिवाला धोका असलेल्या कामासाठी, कामगार कितीही कमी असले तरी, अधिसूचना काढून तरतुदी लागू करण्याची मोकळीक सरकारला आहे. तापलेल्या कॉस्टिकची टाकी त्या अधिसूचनेत यावी, असे मला मनापासून वाटते.

तोवर टाकीच सौम्य करता येते. सोडियम मेटासिलिकेट असलेली, ॲल्युमिनियमला न खाणारी डिटर्जंट पावडर पन्नास-साठ अंशांच्या पाण्यात वापरली तर बहुतेक हेड स्वच्छ होतात. वेळ दुप्पट लागतो. कार्ब्युरेटर आणि इंजेक्टरसाठी अल्ट्रासॉनिक यंत्रे आता लहान आकारातही मिळतात. बिडाचा जुना ब्लॉक असेल तर कॉस्टिकला पर्याय कमी आहेत, पण तो बोअरिंगवाल्याच्या झाकणाच्या टाकीत धुतलेला चांगला.

आणि वापरून झालेले द्रावण. त्यात तेल असते, बेअरिंगांतले शिसे-तांबे असते, उरलेले कॉस्टिक असते. ते ॲसिड ओतून ‘मारायचे’ नसते, ते उकळून अंगावर येते. गटारात सोडले तर खराडीच्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्राकडे जाते. दिवसाला चार कोटी लिटर क्षमतेचे हे केंद्र जिवाणूंच्या जोरावर चालते आणि त्या जिवाणूंना इतके अल्कली पाणी सोसत नाही. ओढ्यात सोडले तर थेट मुळा-मुठेत. अशा द्रव्यांची विल्हेवाट लावणारे सामायिक केंद्र रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत आहे, म्हणजे याच नगर रस्त्यावर पुढे. शंभर लिटरसाठी एकटा गॅरेजवाला तिथे जाणार नाही. जळके ऑइल गोळा करणारे टेम्पो मात्र गल्लोगल्ली फिरतच असतात. महापालिका आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ यांनी एकत्र येऊन अशाच फेरीवर परवानाधारक वाहन सुरू केले आणि प्रत्येक गॅरेजला झाकणाचा एक नाव लिहिलेला कॅन दिला, तर हे द्रावण गोळा होऊन रांजणगावला पोहोचू शकते.